गोठ्याजवळ सुचतं

एका श्रावणात आमच्या म्हशीपुढे नारळ फुटला, तिच्या कपाळाला कुंकू लागलं, आणि जनावरांच्या डॉक्टरांनी तिला पुढून मागून तपासून सासऱ्यांना सांगितलं, "हिला काही झालेलं नाही. तुम्हीच दोन दिवस नीट झोप घ्या." या सगळ्याला मी पोट दुखेपर्यंत हसले. हसता हसता मी असा घोळ करून ठेवला की तो निस्तरायला गणपती यावे लागले.

मी मूळची महाडची. बाजारपेठेत वाढले, मराठी घेऊन एम.ए. झाले आणि लग्न होऊन पोलादपूरच्या वरच्या अंगाला, घाटरस्त्यापासून वीस मिनिटं चढून गेलं की लागते त्या वाडीत आले. नवरा मुंबईला नोकरीला, मी पोलादपूरच्या कॉलेजात शिकवते, म्हणून घरात सासूसासरे आणि मी. आमच्या वाडीत बाईला तिच्या माहेरच्या गावाने हाक मारतात. सासूबाई पाचाडच्या म्हणून पाचाडवाली आणि मी महाडवाली. माझ्या एम.ए.च्या सर्टिफिकेटवर जे नाव आहे ते वाडीत आजवर कुणी तोंडातून काढलेलं नाही. ते सर्टिफिकेटही महाडच्या पुरात भिजून त्याची शाई पसरली, त्यामुळे आता पुरावाही फारसा उरलेला नाही.

सासरे, म्हणजे आबा, जाखडीचे शाहीर. जाखडी म्हणजे आमच्या कोकणातला गणपतीतला नाच. मधे ढोलकी, झांज आणि गाणारे, भोवती पायात चाळ बांधून गोल नाचणारे बाप्ये, त्यांना बाल्ये म्हणतात. एका दिवशी दोन पार्ट्या समोरासमोर उभ्या राहतात, तिला बारी म्हणतात. एक शक्तीवाली, ती देवीचा पक्ष घेते. दुसरी तुरेवाली, ती शिवाचा. एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच जबाब द्यायचा, आणि शेवटच्या कडव्यात गुरूचं, गावाचं आणि शाहिराचं नाव गुंफायचं. आबांची पार्टी शक्तीवाली. जगात शक्तीच श्रेष्ठ, तिच्यावाचून शिवाचं पानही हलत नाही, असं घसा फाटेस्तोवर गाणारी सतरा माणसं, आणि सतराच्या सतरा पुरुष. बायका त्या वेळी चहा गाळत असतात. खाली रत्नागिरीकडे आता बायकाही बारीला उभ्या राहतात म्हणतात. आमच्याकडे ते वारं घाट चढून यायचं होतं.

लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीत मी आबांची गाणी ऐकली आणि नाक मुरडलं. सिनेमाच्या चाली! त्या वर्षी लग्नांच्या वरातीत वाजून वाजून कान किटवणारं एक उडतं हिंदी गाणं होतं. त्याच चालीवर आबा द्रौपदीवस्त्रहरण गात होते. मी संत कवयित्रींवर निबंध लिहिलेली बाई! "ही काय कला आहे?" असं मी नवऱ्याला त्याच दिवशी ऐकवलं. तो बिचारा बाल्या होऊन नाचून आला होता, पायाला फोड आले होते. तो म्हणाला, "मला विचारू नको. मी फक्त नाचतो."

आबांची गाणी रचायची एक ठरलेली रीत होती. पहाटेचा चहा झाला की वही आणि पेन घेऊन गोठ्याच्या दाराशी दगडावर बसायचं. आत आई, म्हणजे सासूबाई, म्हशीचं शेण काढणार, कासेला पाणी मारणार, धार काढता काढता काहीबाही गुणगुणणार. तेवढा तासभर आबा दगडावर. पहिली ओळ म्हणायचे, दुसरी म्हणायचे, मग पेन कानात घालायचे. थोड्या वेळाने चेहरा उजळायचा आणि वहीत भराभर उतरवायचं. पंचक्रोशीत सांगायचे, "आपल्याला गोठ्याजवळच सुचतं. जागा जागृत हाय." कुणी टिंगल केली तर म्हणायचे, "म्हस म्हंजे काय साधं जनावर हाय? यमाचं वाहन हाय रे!"

आता आईंचं सांगते. अंगठा उठवण्यापुरतंच अक्षर. पण माझ्या नवऱ्याने दिलेला जुना मोबाइल कायम कमरेला, त्यात गाणी भरलेली. भात लावताना, गवत कापताना, भाकरी थापताना कमरेतून कुणीतरी गात असायचं. हिंदीतलं त्यांना काही कळायचं नाही, आणि त्यामुळे त्यांचं काही अडायचंही नाही. टीव्हीवरच्या पौराणिक मालिका चुकवायच्या नाहीत आणि नावं ठेवल्याशिवाय सोडायच्याही नाहीत. "ही देवी लय सजते गो," एकदा मला म्हणाल्या, "दागिनं सांभाळायचे का राक्षस मारायचा?" मी हसले. मला वाटलं, भाबडी बाई आहे. असं वाटून घ्यायला एम.ए. व्हावं लागतं.

त्या श्रावणात पाचाडच्या मामांचा पाय मोडला. बेणणीचे, म्हणजे भातातलं तण काढायचे दिवस, त्यांच्या घरात करणारं कुणी नाही, म्हणून आई अकरा दिवसांसाठी माहेरी गेल्या. जाताना मला म्हशीची ओळख करून दिली. म्हशीने मला पहिल्याच दिवशी लाथ मारून आपलं मत सांगितलं. मग शेजारच्या काकू धार काढायला येऊ लागल्या. त्या तोंडात मिश्री धरून असायच्या, त्यामुळे गोठ्यात अगदी शांतता.

आबा नेमाने दगडावर. पहिला दिवस गेला, दोन ओळी. दुसरा गेला, त्याच दोन ओळी. चौथ्या दिवशी त्यांनी दगड पुसून घेतला. पाचव्या दिवशी दगडाचं तोंड पूर्वेला केलं. सहाव्या दिवशी त्यांना म्हशीचा संशय आला. पेंड बदलली. गूळ चारला. मग नारळ, कुंकू, उदबत्ती. म्हशीने उदबत्ती खाल्ली. शेवटी पोलादपूरहून डॉक्टर आणले, आणि पुढचं बोलणं मी माझ्या कानांनी ऐकलंय.

"खातेय का?"

"खातंय."

"दूध देतेय?"

"देतंय की."

"मग त्रास काय आहे तिला?"

"गाणं देत नाय, डॉक्टर."

मी पडवीत लोळायची बाकी होते. आणि हसता हसता माझ्या डोक्यात लखकन प्रकाश पडला. मी डोळे पुसले, मोबाइल घेतला आणि परसातल्या फणसाखाली गेले. आमच्या घरात रेंज फक्त तिथे येते. पाचाडला फोन लावला.

"आई, आबांची तिसरी ओळ अडलीय," मी म्हटलं आणि त्या दोन ओळी वाचून दाखवल्या. विषय होता देवीच्या लग्नाचा. पलीकडे भांडी घासल्याचा आवाज येत होता. तो थांबलाही नाही. त्या आवाजातच आईंनी तिसरी ओळ म्हटली, चौथी म्हटली, मग "थांब, ह्ये नको" म्हणून चौथी बदलली, आणि पाचवीवर आल्या तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. चाल तीच, वरातीतली. सिनेमात त्या चालीत एका जागी सगळी वाद्यं गप्प होतात आणि नटी कमरेला झटका देते. आईंनी तिथे नवरीला उभं केलं होतं. सगळे तिला विचारतात, तुला हा स्मशानात राहणारा नवरा चालेल का, आणि ती त्या रिकाम्या जागेत एक क्षण काहीच बोलत नाही. त्या एका क्षणात तिचा होकारही होता आणि तिची भीतीही. ज्या चालीला मी नाक मुरडलं होतं, तिच्यात ह्या बाईने एवढं मोठं काही बघितलं होतं. मी फणसाखाली उभी राहून रडले. त्यात आनंद जास्त होता, हेही सांगायला हवं. मला नाचावंसं वाटत होतं.

मी फोन स्पीकरवर टाकला होता आणि आबा मागे येऊन उभे होते.

आधी ते म्हणाले, "म्हंजे फोनवरनं बी चालतंय की!" मग त्यांचं त्यांनाच उमगलं. घरात जाऊन त्यांनी ट्रंकेतून जुन्या वह्या काढल्या. एकेक पान उलटत होते आणि बोट ठेवत होते. "ह्ये बी तिचंच. ह्ये बी. हा सवाल तर तिनं वासरू आजारी व्हतं तवा..." शेवटी वही मिटून मला म्हणाले, "गो, मंग माजं काय हाय ह्यात?"

इथे मी समजूतदारपणे गप्प बसायला हवं होतं. पण मला विजयाची झिंग चढली होती. मी त्यांना पाऊण तास व्याख्यान दिलं. इतिहासात बायकांची नावं कशी पुसली गेली, लोककलेत बाईचं श्रेय कसं बुडतं, सगळं सगळं. कॉलेजात मुलं झोपतात त्या भागालाही आबा जागे होते. शेवटी मी फर्मान काढलं, की यंदाच्या बारीत शेवटच्या कडव्यात आईंचं नाव आलं पाहिजे. आबांनी मान खाली घालून "बरं" म्हटलं.

आई परत आल्या. मी त्यांना फाटकातच गाठून सगळं सांगितलं. वाटलं, बाई गळ्यात पडेल. त्यांनी डोक्यावरची पिशवी उतरवली आणि माझ्याकडे असं बघितलं की मी दोन पावलं मागे सरकले.

"तुला कुणी सांगितलं व्हतं सांगाया?"

"अहो आई, गाणी तुमची..."

"माजी हायत ते मला ठाव नाय व्हय? चाळीस वर्सं ठाव हाय." त्या पडवीच्या कडेला बसल्या. आवाज खाली आला. "बाप्या मानूस बायकूजवळ सकाळचं तासभर बसतो कुठं गो? सांग की. वाडीत दाखव मला एक. भाकरी वाढली की उठले, आंघोळीला पानी ठेवलं की उठले. ह्ये एक बसायचे. त्यानला वाटायचं म्हस गाणं देते. वाटू दे की! मी त्यानला काय सांगू नि कशाला सांगू? आता लाजतील. आता नाय बसायचे."

आणि झालं तसंच. दुसऱ्या दिवशी पहाटे आबांनी पडवीत खुर्ची टाकली, गोठ्याकडे पाठ करून. आई आत धार काढत होत्या. गुणगुणणंही बंद. चरवीत दुधाचा तेवढा आवाज. मी चुलीपाशी बसून दोन्हीकडे कान लावले होते आणि स्वतःला मनातल्या मनात शिव्या घालत होते. शंभर वर्षांचा अन्याय दूर करायला निघाले आणि एका बाईचा तासभर हिसकावून बसले. तिसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी तेच. मी आबांना सांगायला गेले, की आईंना तुम्ही तिथे बसलेले हवे आहात. ते म्हणाले, "कोनच्या तोंडानं बसू?" आईंना सांगायला गेले, तर त्यांनी माझ्या हातात शेणाची पाटी दिली.

बारी गणपतीतल्या पाचव्या दिवशी, दुपारी तीनला, शाळेच्या पटांगणात मंडप घालून. मुंबईकरांना संध्याकाळच्या गाड्या धरायच्या असतात आणि रात्री आमच्या लाइटचा भरवसा नाही, म्हणून दुपार. पत्र्यावर पाऊस, खाली भजीचा वास, पोरांच्या हातात शिट्ट्या. समोर दासगावकडची तुरेवाली पार्टी आली होती. त्यांचे शाहीर मिशीवाले, मोठे हजरजबाबी. आबांचा गण झाला, गौळण झाली, देवीच्या लग्नाचं गाणं झालं. ती रिकामी जागा आली आणि मंडप अक्षरशः गप्प झाला. भजीवाल्याने झारा उचलून तसाच धरला होता. मी बाजूला बसलेल्या आईंचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला आणि पदराने नाक पुसलं. मात्र शेवटच्या कडव्यात आबांनी गुरूचं नाव घेतलं, गावाचं घेतलं, आणि पुढे नुसती ढोलकी वाजवून घेतली. ना स्वतःचं नाव, ना आईंचं. मला वाटलं, संपलं.

मग तुरेवाले उठले. मिशीवाल्या शाहिराने फेर धरला आणि सवाल टाकला. गाणं मला शब्दशः आठवत नाही, पण मतलब असा: शक्ती शक्ती करून घसा बसवलात, शाहीर, शक्ती आम्हाला मान्य आहे, पण तुमच्या घरात एक शक्ती भाकऱ्या थापते, तिचं नाव तुम्हाला ठाऊक आहे का? ठाऊक असेल तर घेऊन दाखवा!

मंडपात हशा उसळला. अगदी चेष्टेचा सवाल, बायकांनाही गुदगुल्या झाल्या. आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही हे सगळ्यांना माहीत. पण नवराही बायकोचं घेत नाही, "अगो" वर आयुष्य काढतो, हे कुणाच्या कधी लक्षात आलं होतं? आणि आबांची अडचण तर दुहेरी. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलेलं एक नाव होतं, भटजींनी काढून दिलेलं. ते रेशनकार्डावर होतं, तेवढंच. त्याआधीचं, पाचाडचं नाव त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

आबा उठले. माइक हातात घेतला. ढोलकीवाल्याने वरातीच्या चालीचा ठेका धरला. आबांनी पहिली ओळ टाकली, दुसरी टाकली, बऱ्या होत्या. मग गुरूचं नाव, मग गावाचं. मग ती जागा आली, जिथे सगळी वाद्यं थांबतात. वाद्यं थांबली. आबाही थांबले. शिट्ट्या सुरू झाल्या, "अडलं रे म्हातारं!" असं कुणीतरी ओरडलं. आबा मंचाच्या कडेला आले, बायकांच्या घोळक्याकडे बघितलं आणि माइकवरूनच विचारलं,

"अगो, नाव काय तुजं? तांदळातलं नको. पाचाडचं सांग."

चाळीस वर्षांनी! मंडप असा हसला की पत्र्यावरचा पाऊस ऐकू येईना. मी आईंकडे बघितलं. त्या उठल्या नाहीत, लाजल्या नाहीत. गोठ्यात बसतात तशाच, एक गुडघा वर घेऊन बसल्या होत्या. तशाच बसून, माइक नाही काही नाही, त्यांनी चालीत ओळ टाकली. यमक जुळवून. आणि ओळीच्या शेवटी स्वतःचं नाव.

आबांनी ती ओळ उचलली. त्यांचा आवाज फुटला, तरी उचलली. ढोलकी कडाडली, सतराच्या सतरा बाप्यांनी ते नाव झेललं आणि फेर धरून पुन्हा पुन्हा गायलं. माझा नवरा तर यंदाचे फोड विसरून उड्या मारत होता. आणि बायका उभ्या राहिल्या. लग्नात नवरी उखाणा घेते तेव्हा ओरडतात तशा ओरडू लागल्या, "नाव घेतलं! नाव घेतलं!" मिश्रीवाल्या शेजारच्या काकू, ज्यांचा आवाज मी दहा दिवसांत ऐकला नव्हता, त्या सगळ्यांत मोठ्याने. मग एकजण म्हणाली, "माज्या ह्यानलाबी इचारा की!" आणि पाचसहा नवरे एकदम भजीच्या गाडीकडे वळले. मिशीवाल्या शाहिराने आपला फेटा उतरवून आबांच्या पायावर ठेवला. त्याला म्हणे घरी गेल्यावर बायकोने जेवायला वाढण्याआधी परीक्षा घेतली. मी हसत होते, रडत होते, ओळख ना पाळख अशा बाईला मिठी मारत होते.

ते नाव मी इथे लिहीत नाही. आईंनी बजावलंय, "कागदावर नको. तुजं सर्टिफिकेट बघितलंय मी. गाण्यात हाय तिथं बरं हाय."

घरी येताना दोघं पुढेमागे चालत होती, नेहमीसारखी दहा पावलांचं अंतर ठेवून. मला धसका बसला. एवढा गाजावाजा झाल्यावर तर आबा त्या दगडाकडे फिरकणारही नाहीत, असं मला वाटलं. रात्रभर तळमळले.

पहाटे चुलीपाशी गेले तर पडवीत खुर्ची नव्हती. मी चहाची कपबशी घेऊन दबक्या पावलांनी मागे गेले. आई आत धार काढत होत्या. आबा दगडावर बसले होते, वही मांडीवर. त्यांनी पहिली ओळ म्हटली. दुसरी म्हटली. पेन कानात घातलं. मग गोठ्याच्या आत बघून, अगदी हळू, त्यांनी आईंना पाचाडच्या नावाने हाक मारली आणि म्हणाले, "पुढचं सांग."

आतली धार चुकली आणि चरवीबाहेर शेणात गेली. आईंच्या हातून असं कधी झालेलं मी बघितलं नव्हतं. मग त्या म्हणाल्या, "आधी बसा तर नीट. तास हाय अजून."